कोकणात पर्यावरणाचं काम करणारी माणसं गळतात का, आणि टिकतात ती कशी?

खाडीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथल्या कोकण विभागात प्रकल्प, वादळं, कांदळवन, वणवे यांवर पुष्कळ धागे आहेत. या कामात उतरलेल्या माणसांचं पुढे काय होतं, यावर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतेय.

मी दाभोळ खाडीच्या पट्ट्यात काम करते. कांदळवनाची तोड, खाडीतला गाळ, शाळांमधून हवामानबदलाचे तास, ग्रामसभेतले ठराव, असं सगळं. गेल्या काही वर्षांत आमच्या गटातली चांगली, समजदार माणसं एकेक करून गप्प झाली. भांडण नाही, राजीनामा नाही. आधी बैठकीला उशिरा यायला लागली, मग कारणं सांगायला लागली, मग फोन उचलेनाशी झाली. आमच्यातल्या एका शिक्षिकेला रात्री पावसाचा जोर वाढला की झोपच लागत नाही. एक जण घरी मुलांवर ओरडतो आणि मग त्याचंच त्याला वाईट वाटत राहतं. एकाने स्पष्ट सांगितलं, "ताई, मला आता बातम्या वाचवत नाहीत."

माझं मत आधीच मांडते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. "योगा कर, चार दिवस कुठेतरी जाऊन ये" असं सांगून भागत नाही. माणूस थकतो तो बहुतेक वेळा काम ज्या पद्धतीने वाटलेलं असतं त्यामुळे, आणि ती पद्धत गटाने बदलायला हवी. सगळं त्या माणसाच्या गळ्यात घालणं हा अन्याय आहे.

तुमच्याकडे काय होतं? कुणी थांबलं, कुणी परत आलं? गटाने नेमकं काय केलं की फरक पडला? गोष्ट लहान असली तरी लिहा.

भटका_सह्याद्रीचा

वाचतोय. लिहा लोकहो.

पोफळीबाग

मी श्रीवर्धनचा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमची नारळी-पोफळीची वाडी दुपारच्या काही तासांत आडवी झाली. आजोबांनी लावलेली झाडं होती. पोफळ लावल्यावर हाताशी सुपारी यायला पाच-सात वर्षं तरी जातात, त्यामुळे नुकसान एका हंगामाचं नव्हतं. पंचनाम्यात झाडं मोजली जातात, वर्षं मोजायला रकाना नसतो.

मी तोवर कुठल्याच चळवळीत नव्हतो. वादळानंतर वाचायला लागलो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी मांडलंय की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. आमचे वडील "असलं वादळ आमच्या आयुष्यात पाहिलं नाही" म्हणायचे, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. मग गावोगाव बोलायला लागलो.

ताई, तुमच्या मताशी अर्धा सहमत. आमच्याकडे माणसं थकली ती काम कसं वाटलं होतं म्हणून नाही, दुःखाला जागाच मिळाली नाही म्हणून. झाड पडलं म्हणून रडायचं नसतं अशी आपल्याकडे समजूत. वादळानंतर पत्रे, ताडपत्री, वीज, अनुदानाचे अर्ज यांतच सगळं वर्ष गेलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकत असल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि गावातले धडधाकट बाप्ये नुसते घरात बसून राहिले, कुणी बाहेर येईना.

मला स्वतःला रोपवाटिकेने सावरलं. आम्ही काही जणांनी मिळून पोफळीची रोपं तयार केली आणि ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांना दिली. भाषणं देऊन जे झालं नाही ते माती कालवून झालं.

सरळमार्गी

थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. जनगणनेचे आकडे आहेत. घरांना कुलपं, शाळांत पट नाही, पोरं विरार-नालासोपाऱ्यात. असं असताना प्रत्येक प्रकल्पाला विरोध करायचा आणि मग ताण येतो म्हणायचं? हा ताण आपणच ओढवून घेतलेला आहे. माझ्या चुलतभावाला गावात नोकरी मिळाली असती तर त्याचं मानसिक आरोग्य सुधारलं असतं, त्यावर धागा कोण काढणार?

खाडीकाठची

@पोफळीबाग, दुःखाला जागा मिळाली नाही हे वाक्य लिहून ठेवलं. हे माझ्या मांडणीत नव्हतं.

@सरळमार्गी, तुमच्या चुलतभावाचा धागा तुम्ही काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. मनापासून म्हणतेय. पण इथे प्रकल्प हवा की नको हा प्रश्नच नाही. वणवा विझवणाराही थकतो आणि त्याने कुठल्याही कारखान्याला विरोध केलेला नसतो.

कातळसडा

राजापूर तालुका. वय झालंय, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आमच्या भागाने जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा लढा पाहिला, नाणारच्या रिफायनरीचा पाहिला, मग बारसूच्या रिफायनरीचा पाहिला. १८ एप्रिल २०११ ला साखरीनाट्यात पोलिसांच्या गोळीबारात तबरेझ सायेकर गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडून मारलं गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती तपासणीसाठी गाड्या आल्या तेव्हा बाया उन्हात कातळावर आडव्या पडल्या होत्या. एप्रिलचा कातळ दुपारी कसा तापतो ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. ही पार्श्वभूमी सांगतो, कारण "ताण" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लॅपटॉप घेऊन बसलेला तरुण येतो.

पण खरं सांगायचं तर पोलिसांची भीती माणूस पचवतो. आपल्याच माणसांचं तुटणं पचवता येत नाही. एका घरात एका भावाने जमिनीला संमती दिली, दुसऱ्याने दिली नाही. गणपती एकच, पण आरतीला दोन वेळा. शिमग्यात पालखी कुणाच्या दारात आधी जाणार यावरून कधीच्या काळचे मान निघाले. मयताला गेलं तर पलीकडचे बोलत नाहीत, नाही गेलं तर जन्माचा डाग. मुंबईकर मंडळातही दोन तट. माझ्या ओळखीच्या ज्या कार्यकर्त्यांना रक्तदाब, साखर लागली त्यांच्यापैकी कुणीही मला "खटल्यामुळे झालं" असं म्हणालं नाही. सगळे घरातल्या गोष्टी सांगतात.

सरळमार्गींना एवढंच म्हणेन, ज्यांनी संमती दिली त्यांनाही हाच त्रास झाला. मी त्यांच्या घरी जातो, चहा घेतो. त्यांच्याही झोपा उडाल्या होत्या.

टिकलो कसे? भजन सोडलं नाही. आंदोलन पेटलेलं असतानाही एकादशीचं भजन चुकू दिलं नाही, आणि भजनाच्या जागी चळवळीचा विषय काढायचा नाही हा नियम पाळला. दोन्ही बाजूंची माणसं तिथे येत राहिली. दुसरं, पेरणी आणि लावणीच्या दिवसांत बैठका बंद. ज्याची भाताची लावणी राहिली त्याच्याकडे सगळ्यांनी जायचं. सड्यावर बसलेल्या माणसाला मागे आपलं शेत ओस पडलंय ही चिंता असली की तो आतून पोखरला जातो.

रापणकार

कातळसडा काका, तुमचा सगळा पटला. आता माझा आयका, मालवणीतच सांगतंय, तेच्याशिवाय माका बोलूक येना नाय.

थकाप, सुट्टी, ह्या सगळा नोकरीवाल्यांचा. आमका सुट्टी खंय? दर्यावर गेलव नाय तर चूल पेटाची नाय. बांगडो येळेर येना नाय, एलईडी दिवे लावून मासे मारणारे रातचे उजेड करून बसतत, बंदी आसा म्हणतत ती कागदार. आमी मोर्चे काढले, निवेदना दिली. शहरातली पोरा येतत, आमच्यावांगडा फोटो काढतत, दोन वर्सांनी थकतत आणि जातत. तेंका जावक जागा आसा. आमी खंय जावचा? दर्यो आमच्या दारात आसा, तेच्याकडे पाठ फिरवन झोपाक येना नाय.

रागान सांगणंय नाय. पण जो थकलो म्हणान घराक जाता आणि जेचा घरच थय आसा, ह्या दोगांचा दुःख एकच म्हणू नकात.

भटका_सह्याद्रीचा

रापणकारांना साष्टांग.

उमाळा

मी समुपदेशक आहे, रत्नागिरीत काम करते. काही गोष्टी वेगवेगळ्या ठेवून पाहिल्या तर बरं होईल असं वाटतं, कारण वरच्या प्रतिसादांत किमान तीन निरनिराळे अनुभव आलेत.

हवामानबदलाची सतत वाटणारी धास्ती हा आजार नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१७ च्या अहवालात या धास्तीची दखल आहे, पण ते निदान नव्हे. २०२१ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या संशोधन नियतकालिकात एक पाहणी छापून आली. दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींची, त्यात भारतही होता. ५९ टक्के जण अतिशय किंवा पराकोटीच्या चिंतेत होते आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की या भावनांचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. सरकारं आपल्याला वाऱ्यावर सोडतायत असं वाटणं आणि ही अस्वस्थता यांचा संबंधही त्यात दिसला. म्हणजे केवळ तापमानाची भीती नाही, मोठ्यांवरचा विश्वास उडणं हाही त्याचा भाग आहे.

बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून संपून जाणं, ही दुसरी गोष्ट. हा शब्द मानसशास्त्रात रुळवला तो हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये, आणि त्यांनी तो लिहिला न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना पाहून. ज्यांना पगार नव्हता, मनापासून आले होते, तीच माणसं आधी कोमेजत होती. धागाकर्तीचं "काम कसं वाटलंय" हे निरीक्षण इथे लागू पडतं. काम अमर्याद, अधिकार तुटपुंजा, कौतुक नाही आणि निकाल दिसत नाही, अशा जागी उत्साही माणूस सगळ्यात आधी संपतो.

तिसरी गोष्ट आघाताची. पावसाच्या आवाजाने झोप उडणं, वादळाची बातमी लागली की अंग गार पडणं, हे वादळ किंवा पूर अंगावर घेतलेल्या माणसात दिसतं. याला गप्पा पुरत नाहीत. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

रापणकार दादा, तुम्ही केलेला फरक आमच्या पुस्तकांत फार कमी लिहिलेला असतो. तुमच्याकडे माणूस गप्प झाला तर कोण विचारतं त्याला?

सरळमार्गी

पाहणी ऑनलाइन झाली ना? मग ती नेट असलेल्या मुलांची. आमच्या वाडीतला मुलगा त्यात नाही.

उमाळा

हो, ऑनलाइन होती. ही मर्यादा खरी आहे. वाडीतल्या मुलाला विचारायला हवं, मी सहमत आहे.

रापणकार

उमाळा बाय, इचारणारो कोण ता सांगतंय. रापण म्हणजे किनाऱ्यावरसून ओढूचा मोठा जाळा, ता एकट्यान ओढूक येना नाय. दोरयेर माणूस कमी झालो काय हाताक लगेच कळता, मगे कोण तरी तेच्या घराक जाता. होडयेवाल्यांका ता कळना नाय, जो तो आपापल्या होडयेत. चळवळीत दोरी अशी ठेवा काय एक हात सुटलो तर बाकीच्यांका जाणवात.

कोर्टकचेरी

हे वाक्य माझ्या कार्यालयात लावणार.

आता कागदाची बाजू, कारण थकव्याचा मोठा भाग तिथे आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. पर्यावरण परवान्याआधी जनसुनावणी होते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान तीस दिवसांची नोटीस. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. गावात तो वाचू शकणारी एक मुलगी असते. बीएस्सी झालेली, घरी परत आलेली. त्या तीस दिवसांत सगळं गाव तिच्याकडे बघतं. तिने वाचायचं, समजावायचं, हरकती लिहायच्या, सुनावणीत माईक धरायचा. परवाना मिळालाच तर हरित लवादात अपील तीस दिवसांत, फार तर आणखी साठ दिवसांची सवलत. लवादाचं खंडपीठ पुण्यात. म्हणजे पुन्हा तीच मुलगी, पुन्हा रात्रीची एसटी. अशा दोन फेऱ्यांत माणूस संपलेला मी पाहिलाय.

आणि शेवट दिसत नाही. पश्चिम घाटाचंच घ्या. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ मध्ये निघाला, सहावा ३१ जुलै २०२४ ला. प्रत्येक मसुद्याला साठ दिवस हरकतींना. दर वेळी लोक त्याच हरकती पुन्हा लिहितात. जिंकणं-हरणं झालं तर माणूस मोकळा होतो, इथे नुसतं लटकून राहणं आहे.

माझ्याकडे गट आला की मी आता पहिली अट घालतो: अहवाल वाचायला तीन माणसं द्या. पाण्याचं प्रकरण एकाने, हवेचं दुसऱ्याने, मासेमारी आणि शेतीचं तिसऱ्याने. एकच माणूस असेल तर मी म्हणतो, आधी आणखी दोघं शोधा, मग या. कठोर वाटतं. पण त्या मुलीला वाचवायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

चिपळूणची_मावशी

मुली, तू खाडीच्या तोंडाशी, मी तिच्याच वरच्या अंगाला. २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल इथे नव्याने सांगायला नको, वाशिष्ठी आणि शिव नदीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याच दिवशी महाडच्या तळियेत दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली, त्यामुळे आमचा पूर मोठा म्हणायचीही लाज वाटायची तेव्हा. हेही एक दुःख, की आपलं दुःख दुसऱ्यापेक्षा लहान म्हणून बोलायचं नाही.

मला लिहायचंय ते वेगळंच. पुरानंतर गाळ काढावा म्हणून चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, २०२१ च्या डिसेंबरात. साखळी, म्हणजे आज हे बसले, उद्या ते. व्यापारी, डॉक्टर, महिला मंडळं, निवृत्त मंडळी. घरात चिखल काढून हात सोललेल्या बायका एक दिवस बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी घरी स्वयंपाकाला. कुणा एकाच्या जिवावर बेतलं नाही आणि आवाजही खाली आला नाही. पुढे वाशिष्ठीतला गाळ काढायला सुरुवात झाली.

आमरण उपोषणात सगळ्यांचे डोळे एका माणसाच्या वजनाकडे लागतात. साखळीत प्रत्येकाला घरी जायची परवानगी आधीपासून असते. तू जी काम वाटून घेण्याची गोष्ट म्हणतेस, ती आपल्याकडे आहे की. फक्त उपोषणापुरती का ठेवायची?

खाडीकाठची

मावशी, हे मला सुचलं नव्हतं. हरकती लिहिणं, पत्रकारांशी बोलणं, तहसील कार्यालयात खेटे घालणं, सगळं साखळीत बांधता येईल.

पोफळीबाग

साखळीला एक अडचण. पत्रकाराला रोज तोच चेहरा हवा असतो. चेहरा बदलला की बातमी लागत नाही. अधिकारीही "तुमच्या त्या मॅडम कुठायत?" विचारतात. आणि आपल्यातल्या काहींना तो चेहरा व्हायला आवडतं, हेही बोललं पाहिजे.

भटका_सह्याद्रीचा

आमच्या वणवा गटाची एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर पहाटे पाचपासून शुभ सकाळचं फूल, त्याखाली जळत्या काजूबागेचा व्हिडिओ, त्याखाली वाढदिवसाचा केक, त्याखाली हिमनदी कोसळताना. एका काकांना केकवर रडणारा चेहरा आणि वणव्यावर टाळ्या पाठवल्याबद्दल दिवसभर फोन येत होते. शेवटी नियम केला: रात्री आठनंतर आपत्तीचे व्हिडिओ नाहीत, कधीच. खरोखर वणवा लागला असेल तर फोन करायचा, मेसेज नाही. झोपा सुधारल्या हो लोकांच्या. आणि वणवाही लवकर विझायला लागला, कारण फोनवर माणूस निघतो, मेसेजवर अंगठा दाखवतो.

आंबेवाला_देवगड

वणव्यावरून आठवलं, यंदा मोहोर कसा आहे तुमच्याकडे? आमच्याकडे पहिला मोहोर अवकाळीने धुतला, दुसऱ्यावर तुडतुडे, फवारणी करून करून खर्च निघेना. थंडी पडतच नाही वेळेवर.

भटका_सह्याद्रीचा

काजूचंही तेच. वेगळा धागा काढा, सगळे येतील.

कासवांची_वाट

पोफळीबाग यांच्या रोपवाटिकेवरून लिहावंसं वाटलं. मी कासवांच्या कामात आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला सुरुवात केली तेव्हा ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची अंडी सर्रास खाल्ली जात. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, गावातल्या घरांत पाहुणे राहू लागले, अंडी काढणाऱ्यांच्या घरची माणसं राखणदार झाली. असं डोळ्यांदेखत बदललेलं फार थोड्या कामांत पाहायला मिळतं. पिल्लं समुद्राकडे निघाली की किनाऱ्यावरचं माणूस न् माणूस हसत असतं, वर्षभराचा शीण उतरतो. २०२३ मध्ये गुहागरहून टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवी थेट श्रीलंकेपर्यंत पोचली तेव्हा आमच्याकडची शाळकरी मुलं रोज नकाशा बघायची, कुणी सांगितलेलं नसताना.

पण इथेही चिंता सुटत नाही. कासवात नर की मादी ते घरट्यातली वाळू किती तापते त्यावर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्याच वाढतात, त्याहून तापली तर अंडीच मरतात. मार्चअखेरीला आम्ही घरट्यांवर सावली करतो, तापमान लिहून ठेवतो. तो आकडा चढताना बघत बसणं सोपं नाही. एका राखणदाराला रात्रीतून चार-चार वेळा उठून थर्मामीटर बघायची सवय लागली होती. मग ठरवलं की तापमान ठरलेल्या वेळीच घ्यायचं, आणि ज्याची पाळी नाही त्याला आकडा सांगायचाच नाही. तो विचारायचा, आम्ही सांगायचो नाही. आधी चिडला, आता झोपतो.

सरळमार्गी

कासवांची वाट, असलं काम मला आवडेल. यात कुणाचं नुकसान नाही.

माझं मूळ म्हणणं मात्र सोडत नाही. ज्या माणसाचा संताप आतून येतो त्याला साखळी, भजन, नियम पुरणार नाहीत. त्याला वाटतं मी थांबलो तर गाव बुडेल. हा गर्व आहे.

कातळसडा

गर्व असेल काही जणांत. बहुतेकांत तो नसतो, भीती असते, आणि ती खोटी नसते. मागे काही ठिकाणी एक माणूस थांबला आणि खरोखर कुणीच पुढे आलं नाही. त्याने थांबायला नको होतं असं मी म्हणत नाही. बाकीच्यांनी यायला हवं होतं.

कोर्टकचेरी

यात एक कायद्याची गोष्ट जोडतो. कुणाला गावकीने वाळीत टाकलं असेल, मानपान, पाणी, दुकान बंद केलं असेल, तर २०१७ पासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे. तक्रार करता येते. लोक हे दुःख नशीब म्हणून गिळतात आणि आजारी पडतात. गिळू नका.

नवीन_पाऊलवाट

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते. वय २१, लांजा तालुका. आमच्या गावच्या गटात नुकतीच आलेय. घरचे घाबरतात, "तुझं लग्न जमणार नाही, नाव पोलिसांत जाईल" म्हणतात. वर वाचून मलाही भीती वाटतेय, पण थांबायचंही नाहीये. सुरुवातीलाच काय ठरवून घेऊ?

चिपळूणची_मावशी

ये ग बाई. आधी घरच्यांना एकदा गटाच्या बैठकीला ने. आईला तरी. न बघितलेल्या माणसांची भीती जास्त वाटते. आणि लग्नाचं म्हणशील तर माझ्या सुनेला मी मोर्च्यातच पाहिली, सोन्यासारखी आहे.

उमाळा

गटातली एक व्यक्ती अशी निवड जिच्याशी कामाविषयी अजिबात बोलायचं नाही, फक्त "कशी आहेस" एवढंच. आणि परीक्षा, नोकरीचे अर्ज, मैत्रिणींची लग्नं यांच्या तारखा गटाला आधी सांग. त्या दिवशी तू उपलब्ध नसशील, हे पहिल्या महिन्यातच सांगितलं तर कुणाला खटकत नाही.

रापणकार

इंग्लिश वाचूक येता म्हणान सगळे कागद तुझ्याच हातात दिले तर घेव नको. कोर्टकचेरी सायबांनी सांगितलेला ध्यानात ठेव. तीन जणा.

खाडीकाठची

@नवीन_पाऊलवाट, आमच्याकडे पुढच्या महिन्यात अहवाल कसा वाचायचा यावर एक दिवसाची बैठक ठेवतोय, कोर्टकचेरी येणार म्हणालेत. पाणी, हवा, मासेमारी-शेती असे तीन गट पाडणार आहोत. तुझ्या गावातून तिघं या, एकटी येऊ नकोस. जेवण आमच्याकडे, जायची एसटी साडेपाचची मिळेल अशा बेताने संपवू.

@सरळमार्गी, तुम्हालाही आमंत्रण. अहवालात रोजगाराचं प्रकरण असतं आणि ते आमच्यातलं कुणी नीट वाचत नाही. ते तुम्ही घ्याल का?

सरळमार्गी

तारीख कळवा. रविवार असेल तर जमेल.